डोळे उघडे ठेवायची मुभा

मा. आयुष मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली



मी लातूरला योगाचे वर्ग घेते, त्याला आता २२ वर्षं झाली. पहाटे साडेपाचला एक वर्ग असतो आणि दुपारी चारला बायकांचा. दर २१ जूनला मैदानावर माइकवरून सूचना देणाऱ्यांत मी असते. आपल्या मंत्रालयाच्या कॉमन योगा प्रोटोकॉलचा ४५ मिनिटांचा क्रम मला तोंडपाठ आहे, आणि त्या क्रमावर माझा जीव आहे. म्हणूनच त्यातल्या एका शब्दाबद्दल आपल्याशी बोलायचं आहे. तो शब्द मी आजवर हजारो वेळा उच्चारला. तो उच्चारून निदान एका बाईला तरी मी दुखवलं आहे. शब्द आहे ‘मिटा’. डोळे मिटा.

ती दुपारच्या वर्गाला यायची. वय पन्नाशीच्या अलीकडे. शेतात राबलेलं अंग, त्यामुळे पादहस्तासनात तिचे तळवे सहज जमिनीला टेकायचे. शवासनात मात्र तिचे डोळे टक्क उघडे असायचे. मी दोनदा जवळ जाऊन हळू सांगितलं. तिसऱ्या वेळी आवाज चढला माझा. “ताई, सगळ्यांनी मिटलेत, तुमचेच का उघडे?” तिनं मिटले. तिचा खांदा कानापर्यंत चढला होता, म्हणून मी वाकून तो दोन्ही हातांनी खाली दाबला. आम्हाला तसंच शिकवलं होतं, हात लावून दुरुस्त करायचं. ती ताडकन उठली आणि चपला न घालता बाहेर गेली.

आठ दिवस आली नाही. शेवटी तिच्या चपला पिशवीत घालून मीच तिच्या घरी गेले. चहाचं आधण ठेवता ठेवता, माझ्याकडे पाठ करूनच ती म्हणाली, “डोळे मिटले की तोंडात माती येते, मॅडम.”

ती किल्लारीच्या पलीकडच्या गावची. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं थकून गाढ झोपलेली. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार राहतं म्हणून थरावर थर चढवत नेलेलं. ते सगळं खाली आलं. ती तेव्हा १७ वर्षांची होती. तिला दुपारी बाहेर काढलं. तोवर ती उताणी पडून होती, अंधारात, खांद्यावर तुळई, हलता येत नव्हतं. शेजारी धाकटी बहीण होती. तिचा आवाज थोडा वेळ येत होता, मग थांबला. आणि मी, योगाची शिक्षिका, तिला काय सांगत होते? उताणं पडा, डोळे मिटा, हलू नका. वर खांद्यावर दाबही दिला. मी शवासन सांगत होते आणि तिच्या अंगाला ती पहाट परत आली होती. (हे सगळं तिला वाचून दाखवलं आहे. नाव नको, बाकी लिहा, असं ती म्हणाली.)

हे पत्र माझ्या सहकाऱ्यांना न लिहिता आपल्याला का लिहिते आहे, तेही सांगते. मी जे बोलले ते माझ्या एकटीचं नव्हतं. पुस्तिकेतल्या सूचना शहरातल्या मैदानावर, जिल्हा परिषदेच्या शाळेत, पोलीस मुख्यालयात, तुरुंगात, बचतगटाच्या सभेत जशाच्या तशा पोचतात. ११ डिसेंबर २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं योग दिनाचा ठराव केला, १७७ देश त्याचे सहप्रायोजक झाले. पुढच्या वर्षी दिल्लीत राजपथावर ३५,९८५ माणसं एकाच वेळी एकच आसन करत होती. मी तेव्हा दूरदर्शनसमोर बसून रडले होते, आनंदानं. एवढ्या लोकांपर्यंत एक शब्द पोचत असेल तर तो शब्द पारखून घ्यायला हवा, इतकंच माझं म्हणणं.

त्या बाईनंतर मी माझ्या वर्गाकडे नव्यानं बघायला लागले आणि दरवर्षी कुणी ना कुणी सापडत गेलं. एसटीचे एक निवृत्त चालक आहेत. २०२१ च्या एप्रिलमध्ये ते ११ दिवस ऑक्सिजनवर होते, शेजारच्या खाटेवरचा माणूस त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. बरे झाल्यावर फुप्फुसं मजबूत करायची म्हणून ते माझ्याकडे आले. अनुलोम-विलोमात मी म्हटलं, “श्वास आत घ्या... रोखा.” त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, हात थरथरायला लागले. दुसरी एक मुलगी. लातूर पॅटर्नचं नाव आपण ऐकलं असेलच. डॉक्टर व्हायचं म्हणून आख्ख्या मराठवाड्यातून पोरं इथे खोल्या करून राहतात. ही नीटची तयारी करणारी, अठरा वर्षांची. तिच्या आईनं सांगितलं, हिला रात्री घाबरं होतं, छातीत धडधडतं, हिला जरा ध्यान शिकवा. मी शिकवलं. श्वासाकडे बघ, हृदयाचे ठोके ऐक, म्हटलं. तिसऱ्या मिनिटाला ती ओठ कोरडे पडून म्हणाली, “मॅडम, ठोके वाढतायत, मला काहीतरी होतंय.”

ज्याला पॅनिक अटॅक येतात त्याला छातीतला ठोका म्हणजे धोक्याची घंटा वाटते. आपण त्याला त्याच घंटेला कान लावून बस म्हणतो. ठोका ऐकला की भीती वाढते, भीतीनं ठोका वाढतो, आणि हे चक्र डोळे मिटून, मांडी घालून, चारचौघांत हलायची सोय नसताना चालू राहतं. श्वासाचंही तसंच आहे. कपालभाती किंवा भस्त्रिका जोरात केली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. निरोगी माणूस त्याला ‘छान वाटलं’ म्हणतो. पॅनिकच्या रुग्णाला मात्र अटॅकची सुरुवात नेमकी अशीच होत असते. उलट कुंभकात श्वास रोखला की कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि मेंदूत जीव गुदमरत असल्याची हाक उठते. काही माणसांमध्ये ती हाक फार लवकर आणि फार मोठ्यानं उठते. आमच्या चालकांचं शरीर त्या दिवशी खोटं बोलत नव्हतं. गुदमरणं काय असतं ते त्याला पक्कं माहीत होतं.

विश्रांतीनं सगळ्यांना बरंच वाटेल, अशी आमची समजूत असते. अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्येच नोंदवलं होतं की चिंतेनं ग्रासलेल्या काही लोकांना शरीर सैल सोडायला सांगितलं की चिंता वाढते. ज्या माणसाचं मन सतत पहाऱ्यावर असतं, त्याला पहारा सोडायला लावणं म्हणजे शत्रूला दार उघडल्यासारखं वाटतं. ध्यानाबद्दलचे ८३ अभ्यास एकत्र तपासणारा एक आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ध्यान करताना किंवा नंतर त्रास झालेल्यांचं प्रमाण त्यात सुमारे ८ टक्के निघालं, आणि त्या त्रासांत चिंता आणि उदासी सगळ्यांत पुढे होत्या. बारा माणसांच्या वर्गात एक. माझ्या पहाटेच्या वर्गात चाळीस जण असतात.

ही माणसं दवाखान्यात का जात नाहीत, असं कुणी विचारेल. निम्हान्सनं केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०० प्रौढांमागे १० हून अधिक जणांना त्या वेळी मानसिक आजार असल्याचं दिसलं, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नव्हते. तालुक्याच्या गावात मानसोपचाराची पाटी दिसली तरी तिच्याखालून आत जाताना कुणी बघेल म्हणून माणूस पुढे निघून जातो. योगाच्या वर्गाला जायला लाज वाटत नाही. पाठ दुखते म्हणून येतात, शुगर आहे म्हणून येतात. कर्जापायी नवऱ्यानं जीव दिला ती येते, तेव्हा ‘झोप येत नाही’ एवढंच सांगते. घरी मार खाल्लेली येते आणि गुडघ्याचं काहीतरी सांगते. आमची सतरंजी हीच त्यांच्यासाठी पहिली पायरी आहे, मंत्री महोदय. तिथे त्यांना पुन्हा धक्का बसला तर दुसऱ्या पायरीवर ते कधीच चढणार नाहीत. त्याच वेळी हेही सांगायला हवं की आम्ही पहिलीच पायरी आहोत. योग करता म्हणून डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा, असं सांगणारे शिक्षक मी पाहिले आहेत आणि त्यांच्याशी भांडले आहे.

शाळेत आम्हाला व्याकरणाच्या तासाला आज्ञार्थ आणि विध्यर्थ शिकवले होते. योगाचा वर्ग आख्खा आज्ञार्थात चालतो. उभे राहा, वाका, घ्या, रोखा, सोडा, मिटा. बहुतेकांना त्यात काही खुपत नाही, उलट बरं वाटतं. दिवसभर स्वतःच ठरवून थकलेल्या माणसाला कुणीतरी सांगतंय याचंच सुख असतं. पण ज्याच्यावर कधी जबरदस्ती झाली त्याच्या कानाला आज्ञार्थ निराळा ऐकू येतो. आघात कसलाही असो, भूकंपाचा, मारहाणीचा, अब्रूवर आलेल्या प्रसंगाचा, त्यात एक गोष्ट सारखी असते. त्या माणसाला कुणी विचारलेलं नसतं. भिंतीनं विचारलं नाही, हातानं विचारलं नाही. म्हणून माझ्या वर्गात त्याला प्रत्येक गोष्ट विचारणं ही सौजन्याच्या पलीकडची बाब आहे. मी त्याला जे काही देऊ शकते त्यातलं सगळ्यांत मोठं औषध तेच आहे.

हे मला उशिरा कळलं, आणि कळलं ते लांबच्या लोकांकडून. बॉस्टनजवळ ब्रुकलाइन इथे डेव्हिड इमर्सन नावाच्या योगशिक्षकानं बेसल व्हॅन डर कोल्क या मनोविकारतज्ज्ञाच्या आघात उपचार केंद्रात या शतकाच्या सुरुवातीला अशा वर्गांची घडण केली. आसनं नेहमीचीच, बरीचशी खुर्चीतही करता येतील अशी. बदलली ती बोलण्याची रीत. शिक्षक हुकूम देत नाही, सुचवतो. हात लावत नाही. आसन ‘बरोबर’ आलं का याकडे लक्ष न देता, आता तुम्हाला पायात काही जाणवतंय का, एवढंच विचारतो. काही जाणवत नसेल तर तेही चालतं. २०१४ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इतर उपचारांनी पुरेसा गुण न आलेल्या ६४ स्त्रिया, १० आठवडे. निम्म्यांना असा योग, निम्म्यांना स्त्री-आरोग्याचे माहितीवर्ग. शेवटी योग करणाऱ्यांपैकी ५२ टक्के स्त्रिया आघातोत्तर विकाराच्या निकषांत बसेनाशा झाल्या. दुसऱ्या गटात हे प्रमाण २१ टक्के होतं. अभ्यास लहान आहे आणि योग तिथे जोडउपचार होता, हे मी विसरत नाही. पण एवढं धरून चालायला तो पुरेसा आहे की अशा माणसांसाठी योग बंद करायचं कारण नाही, फक्त त्यांच्यापर्यंत नेण्याची रीत बदलायला हवी.

लांबच्या लोकांकडून कळलं असं म्हटलं खरं, आणि ते लिहिताना वाईटही वाटलं. कारण घरातच सगळं होतं. पतंजलींनी आसनाची व्याख्या केली तेव्हा स्थैर्याच्या जोडीला सुख ठेवलं. आम्ही स्थैर्य तेवढं उचललं. हठयोगप्रदीपिका बजावते की प्राण हा सिंह, हत्ती, वाघ यांच्यासारखा हळूहळू वश करावा, घाई केली तर तो साधकाचाच घात करतो. आणि आम्ही पहिल्याच दिवशी मैदानावर हजार लोकांना कपालभाती करायला लावतो. त्याच ग्रंथात त्राटक आहे, उघड्या डोळ्यांनी करायचं. मद्रासला कृष्णमाचार्य प्रत्येक शिष्याला त्याचं वय, प्रकृती आणि परिस्थिती बघून वेगळा अभ्यास देत. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी पट्टे, लाकडी ठोकळे, लोड, खुर्च्या आणल्या, कारण माणसाला आसनात कोंबण्यापेक्षा आसन माणसापर्यंत आणता येतं हे त्यांनी ओळखलं. लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम काढणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी क्ष-किरण यंत्र लावून नौली तपासली. परंपरेवर श्रद्धा असलेला माणूस तिला प्रयोगशाळेत न्यायला घाबरला नाही. या तिघांच्या मातीत आम्ही शिकलो. मग सगळ्यांना एकच साचा ही कल्पना आमच्यात शिरली कुठून? मला वाटतं, ती मैदानातून आली, कवायतीतून आली.

इगतपुरीच्या धम्मगिरीचंही उदाहरण देते. तिथली दहा दिवसांची विपश्यना कडक असते, मौन असतं, रोज दहा तासांच्या आसपास बसावं लागतं. पण प्रवेशअर्जातच मानसिक आजाराबद्दल विचारतात, आणि गंभीर मानसिक विकार असलेल्यांना हे शिबिर करू नका असं सांगतात. साधना अवघड आहे हे ते लपवत नाहीत. आमच्या उद्यानातल्या वर्गांत आणि मोबाइलवरच्या ‘पाच मिनिटांत मनःशांती’त हा प्रश्न कुणीही विचारत नाही.

आता मी काय करते ते सांगते. मी डॉक्टर नाही. चुकत, विचारत, मानसोपचारतज्ज्ञांशी बोलत हे जमवलं आहे.

वर्गाचं दार ओढून घेतलेलं असतं, कडी नसते. दिवे पूर्ण मालवत नाही. सुरुवातीला खोलीभर नजर फिरवा म्हणते, खिडक्या कुठे, दार कुठे, शेजारी कोण. किल्लारीकडच्या त्या बाईला भिंतीकडे पाठ करून बसायचं असतं, ती जागा तिचीच. मी वर्गभर फिरणं सोडलं, कुणाच्या पाठीमागून जात नाही. हात लावायचा असेल तर आधी विचारते, आणि आता बहुधा लावतच नाही. स्वतः करून दाखवते. पुढे काय येणार आणि किती वेळ हे आधी सांगते. “इथे तीन श्वास थांबणार आहोत” म्हटलं की शेवट दिसतो आणि शेवट दिसला की माणूस टिकतो. तिच्याइतकंच हे नीटवाल्या मुलीलाही उपयोगी पडलं.

उभ्यानं करायच्या आसनांपासून सुरुवात करते, ताडासन, वीरभद्रासन. पाय जमिनीवर रोवले, मांड्यांना काम लागलं की माणूस ‘आत्ता’मध्ये येतो, घाबरलेल्या शरीराला पडून राहण्यापेक्षा जोर लावणं सोपं जातं. आणि एक गोष्ट मी स्वतःच्या बुद्धीनं घातली, ती मला फार प्रिय आहे. पावली. योग दिनाच्या आसपासच पालख्या पंढरपूरच्या वाटेला लागतात. वारकरी टाळाच्या ठेक्यावर जी पावलं टाकतात, दोन पुढे, एक मागे, झुकून पुन्हा वर, ती मी वर्गात घेते. डोळे उघडे, शेजारणीचा ठेका कानात, पायाखाली जमीन. आमच्या बायकांना ती शिकवावी लागत नाही. त्या बाईला मी पहिल्यांदा हसताना बघितलं ते पावली खेळताना.

श्वासाचं फार मोजून घेते. रोखणं पूर्ण बंद. उच्छ्वास किंचित लांबला तर लांबू दे, नाही तर जसा आहे तसा राहू दे. भ्रामरी करतो, पण कानांत बोटं आणि डोळ्यांवर बोटं घालत नाही. नुसता गुंजारव, ओठांवर कंप जाणवेल इतका. चालक आता भ्रामरी आवडीनं करतात, एकेक नाकपुडी दाबून श्वास घेणं मात्र अजून नको म्हणतात. नको तर नको. ध्यानाला श्वासाऐवजी बाहेरची खूण देते. तळपाय, मांडीवर ठेवलेल्या तळहातांची ऊब, बाहेर चिंचेवर बसलेल्या साळुंक्यांचा आवाज. नीटवाल्या मुलीनं स्वतःची खूण शोधली, हातात धरलेला पाण्याचा तांब्या. त्याचा गारवा. मन ठोक्याकडे धावलं की ती तांब्याकडे परत येते. शवासन दोन मिनिटांचं आणि तेही हवं असलं तर. कुशीवर, दंडावर डोकं ठेवून किंवा नुसतं भिंतीला टेकून. पाय फाकून उताणं पडायची आसनं बायकांच्या वर्गात मी घेत नाही. कुणाच्या आयुष्यात काय घडून गेलं आहे हे मला कळणार नाही आणि ते विचारायचा मला अधिकारही नाही.

कुणाला काही आठवून रडू आलं तर ती गोष्ट मी उकरत नाही. शेजारी बसते, पाणी देते, हळूच विचारते, कुणाशी बोलाल का? ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानसची १४४१६ ही हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. तो आकडा मी वर्गाच्या फळ्यावर एका कोपऱ्यात लिहून ठेवला आहे, पुसू देत नाही.

माझ्या ओळखीतल्या एका ज्येष्ठ शिक्षकांचा या सगळ्याला विरोध आहे. ते म्हणतात, अशानं शिस्त जाईल, प्रत्येक जण आपल्या मनाचं करेल, मग तो योग कसला? त्यांचा मी आदर करते, त्यांच्याकडूनच शिकले. पण मी बघते ते असं की डोळे उघडे ठेवायची मुभा दिल्यावर वर्गातल्या बहुतेकांनी ते मिटलेच. ज्यांना मिटायचे नव्हते त्यांनी उघडे ठेवले, आणि पुढच्या आठवड्यातही ते आले. आधी ते न सांगता गळून जात, आणि मी त्यांना चंचल म्हणत असे. शाळांचं तर याहून वाईट आहे. दीडशे पोरं मैदानावर, आणि एक शिक्षक ओळीओळीतून कुणाचे डोळे किलकिले आहेत ते बघत फिरतो. त्या पोरांतलं कोण घरून काय बघून आलं आहे?

आपल्या पुस्तिकेत बहुतेक आसनांखाली सावधगिरीच्या सूचना आहेत. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, कंबरदुखी. शरीराची एवढी काळजी घेणाऱ्या पुस्तिकेला मनाच्या जखमेसाठी चार ओळी जड नाहीत. शवासन, प्राणायाम आणि ध्यान यांच्याखाली त्या ठळक छापाव्यात. मैदानावर माइकवरून सुरुवातीलाच एक निवेदन व्हावं. शब्द मी सुचवते, आपले तज्ज्ञ सुधारतील. “डोळे मिटावेसे वाटले तर मिटा, नाही तर समोर जमिनीवर एका ठिकाणी नजर ठेवा. पडायचं नसेल तर बसा. श्वास रोखायचा नसेल तर रोखू नका. थांबावंसं वाटलं तर थांबा, बाहेर जावंसं वाटलं तर जा, आणि वाटलं तर परत या.” मी घड्याळ लावून म्हणून पाहिलं. वीस सेकंदांत होतं.

योग सर्टिफिकेशन बोर्ड आपल्याच मंत्रालयाखाली आहे. शिक्षकाच्या प्रमाणपत्र परीक्षेत स्नायूंची आणि नाड्यांची नावं विचारतात, तसंच हेही विचारावं की वर्गात एखाद्याला पॅनिक अटॅक आला तर तुम्ही काय कराल, आणि हात लावण्याआधी काय म्हणाल. प्रात्यक्षिकात त्याचे गुण असावेत. पुस्तिकेच्या मलपृष्ठावर १४४१६ छापावा. कचेरीतल्या लोकांसाठी मंत्रालयानं पाच मिनिटांचा वाय-ब्रेक काढला, खुर्चीत बसून करायचा प्रकारही आणला. तशीच खुर्ची योग दिनाच्या मैदानावरही असावी, पहिल्या रांगेत नको, फाटकाजवळ. आणि शाळांना कळवावं की मुलांचे डोळे मिटलेत का हे कुणी तपासू नये.

यंदा २१ जूनला मी माइकवर ते वीस सेकंदांचं निवेदन म्हणणार आहे. आपल्याकडून परिपत्रक आलं तर त्याच्या आधारानं, नाही आलं तर माझ्या जबाबदारीवर. आमच्या वर्गातली ती बाई पहिल्यांदाच मैदानावर येते म्हणाली आहे. तिला माणसांची गर्दी सोसत नाही आणि मैदानाला एकच फाटक आहे, म्हणून तिथल्या शिपायाला मी आधीच सांगून ठेवलं आहे. फाटक दोन्ही दारं उघडी ठेवून बांधून ठेवायचं, आणि आत शिरल्या शिरल्या डाव्या हाताला, कुंपणाला पाठ करून, एक खुर्ची.

आपली विश्वासू,
एक योगशिक्षिका, लातूर